रबराचे झाड : कुंडीत वाढणाऱ्या महावृक्षाची ओळख, लागवड आणि निगा

मोठ्या, जाड, चकचकीत पानांचे जे झाड रबर प्लांट या नावाने घराघरांत ठेवले जाते, त्याच्याकडे केवळ शोभेचे रोप म्हणून पाहिले की निगेतल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. कुंडीत दिसते ते एका महावृक्षाचे बालपण असते. फायकस इलास्टिका या शास्त्रीय नावाचे हे झाड वट कुलातले, म्हणजे मोरेसी कुलातले असून वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही त्याच्याच प्रजातीतली भावंडे आहेत. पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, मेघालय आणि म्यानमारमधून पुढे मलाया द्वीपकल्प, सुमात्रा व जावापर्यंतच्या दमट जंगलांत ते मूळचे वाढते आणि तिथे ३० ते ४० मीटर उंच होते. कुंडीतल्या तरुण झाडाची पाने ३० सेंटिमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही लांब असतात. जंगलातल्या जुन्या वृक्षाची पाने मात्र त्या मानाने बरीच लहान, बहुधा १० सेंटिमीटरच्या आसपास असतात. ज्या पानांसाठी आपण हे झाड घरात आणतो, ती त्याच्या लहान वयाची खूण आहे. त्यामुळे त्याला पाणी किती द्यावे, उजेड कुठला द्यावा, ते कुठे छाटावे, या प्रश्नांची उत्तरे शोधताना जंगलातल्या त्या वृक्षाचे जगणे डोळ्यांसमोर ठेवणे फार उपयोगी पडते.

जंगलात या झाडाचे आयुष्य पुष्कळदा जमिनीवर सुरूच होत नाही. पक्ष्यांच्या किंवा वटवाघळांच्या विष्ठेतून बी दुसऱ्या एखाद्या वृक्षाच्या बेचक्यात पडते, तिथल्या कुजक्या पाचोळ्यात रुजते, आणि रोप काही काळ अपिवनस्पती म्हणून, म्हणजे दुसऱ्या झाडाचा फक्त आधार घेऊन, वरच राहते. नंतर त्याची मुळे यजमान वृक्षाच्या खोडावरून खाली उतरून जमिनीत शिरतात व हळूहळू जाड होत जातात. बेचक्यातल्या त्या पाचोळ्यात पाऊस पडला की सगळे भिजते आणि पाऊस थांबला की भराभर निथळून जाते. मुळांना भरपूर ओल आणि भरपूर हवा अशा दोन्ही गोष्टी आळीपाळीने मिळतात. कुंडीतली माती कशी हवी आणि पाणी कसे द्यावे, याचे निम्मे उत्तर या एका चित्रात आहे.

नावातल्या रबराचीही एक हकीकत आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे १८१० साली सिल्हेटहून मधाने भरलेली वेताची टोपली आली. विणलेल्या टोपलीतून मध गळत कसा नाही, याचा उलगडा तिच्या आतल्या बाजूला पाहिल्यावर झाला. तिथे डोंगरातल्या एका झाडाच्या चिकाचा थर लावलेला होता. ते हेच झाड. रॉक्सबर्ग यांनी दिलेले नाव त्यांच्या मृत्यूनंतर, १८१९ साली, डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ हॉर्नमान यांच्याकडून रीतसर प्रसिद्ध झाले. पुढे आसाममध्ये या झाडाची रबरासाठी लागवडही करण्यात आली. परंतु दक्षिण अमेरिकेतल्या हेविया ब्राझिलिएन्सिस या वेगळ्या कुलातल्या झाडाचे रबर अधिक चांगले निघाल्यामुळे तो उद्योग टिकला नाही. आज बाजारात येणाऱ्या नैसर्गिक रबराचा आपल्या कुंडीतल्या झाडाशी संबंध उरला आहे तो नावापुरता.

पान, चीक आणि फळ

लागवडीकडे वळण्यापूर्वी झाडाची रचना थोडी जवळून पाहावी, कारण पुढच्या प्रत्येक सूचनेचे कारण तिच्यात सापडते. शेंड्याकडे पाहिले की एक लांब, टोकदार, गुलाबी-तांबडी सुरळी उभी असते. अनेकजण तिला कळी समजून फुलाची वाट पाहतात. वस्तुतः ती उपपर्णांची टोपी असते. तिच्या आत पुढचे पान घट्ट गुंडाळलेले असते. पान पुरेसे वाढले की ही टोपी एका बाजूने उकलते, ओलसर, फिकट आणि मऊ पान बाहेर सरकते, दोनतीन दिवसांत सपाट होते, आणि टोपी वाळून तपकिरी होऊन गळून पडते. ती जिथे चिकटलेली असते, तिथे खोडाभोवती बारीक वलय कायम राहते. खोडावरची ही वलये म्हणजे झाडाची पेरे होत. छाटणी आणि कलम या दोन्ही कामांत तीच आपली मोजपट्टी ठरतात.

पानाचा वरचा पृष्ठभाग चकाकतो तो त्यावरच्या मेणचट आवरणामुळे. त्याखाली बाह्यत्वचेचे एकापेक्षा अधिक थर असून वरच्या त्वचेतल्या काही मोठ्या पेशींत देठाला टांगलेल्या द्राक्षाच्या घडासारखे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक लोंबत असतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली ते याच पानाच्या छेदात दाखवण्याची जुनी पद्धत आहे. श्वसनाची रंध्रे मात्र सगळी खालच्या बाजूला आणि किंचित खोलगट जागी असतात. पान पाणी जपून वापरण्यासाठी घडलेले आहे, हे यावरून लक्षात येते. म्हणूनच हे झाड पाण्याची एखादी पाळी चुकली तर निभावून नेते, पण मुळांशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही.

झाडाच्या सर्व भागांत पांढरा चीक असतो. तो त्वचेला लागल्यास काहीजणांना खाज सुटते किंवा पुरळ उठते, आणि डोळ्यात गेल्यास तीव्र आग होते. पान चघळल्यास मांजर-कुत्र्यांना व लहान मुलांना तोंडाचा व पोटाचा त्रास होऊ शकतो. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी छाटणी दुसऱ्याकडून करून घ्यावी. इतरांनीही हातमोजे घालूनच काम करावे.

या झाडाची फुले वड-पिंपळाप्रमाणे कुंभासनी फुलोऱ्यात, म्हणजे फळासारख्या दिसणाऱ्या पोकळ गोळ्याच्या आत लपलेली असतात. सुमारे १ सेंटिमीटर लांबीच्या या गोळ्यात विशिष्ट जातीची चिमुकली गांधीलमाशी शिरली तरच परागण होते. ही माशी मूळ प्रदेशाबाहेर सहसा नसते, त्यामुळे लागवडीतल्या झाडांना रुजणारे बी येत नाही. घरातले झाड तर फळावर येण्याच्या वयालाच पोहोचत नाही. बियांच्या पाकिटांच्या मागे न लागता कलमाचीच वाट धरावी, ती का हे यावरून स्पष्ट होईल.

रोपाची निवड

हिरव्या पानांचे डेकोरा व रोबस्टा, काळपट तांबड्या पानांचे बर्गंडी, आणि मलईच्या रंगाच्या कडा असलेले टिनेके हे प्रकार सर्वत्र आढळतात. पहिल्यांदाच हे झाड लावणाऱ्याने हिरवा किंवा काळपट प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टिनेकेच्या पानांवरील फिकट भागात हरितद्रव्य नसल्याने त्याला उजेड जास्त लागतो, आणि प्रखर ऊन लागले तर आधी तोच भाग करपतो. त्यावर अधूनमधून पूर्ण हिरवी फांदीही फुटते. ती जोमदार असल्यामुळे मुळापासून कापली नाही तर काही काळाने सगळे झाड हिरवे होते.

रोप निवडताना उंचीला महत्त्व देऊ नये. पेरांमधले अंतर कमी असलेले, बुंध्यापर्यंत पाने टिकवून असलेले ठेंगणे रोप हे लांबलचक, वर चार पाने असलेल्या रोपापेक्षा कितीतरी चांगले असते. पाने उलटून देठाजवळ आणि मध्यशिरेलगत पाहावे. कापसासारखे पुंजके किंवा तपकिरी खवले दिसले तर ते रोप घेऊ नये. शेंड्यावरची सुरळी टवटवीत असेल तर रोप वाढीला लागलेले आहे, असे खुशाल समजावे.

कुंडी, माती आणि रोपण

रोप घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नये. नव्या उजेडाची सवय होण्यासाठी त्याला दोन-तीन आठवडे द्यावेत. नवी कुंडी जुन्या कुंडीपेक्षा व्यासाने फक्त ५ सेंटिमीटर मोठी असावी, कारण फार मोठ्या कुंडीत मुळांच्या आवाक्याबाहेरची माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळे तिथून कुजू लागतात. तळाला मोकळी छिद्रे हवीतच. छिद्रांवर खापरीचा तुकडा उपडा ठेवला तर माती वाहून जात नाही आणि पाणीही अडत नाही.

मातीसाठी मी वापरतो ते प्रमाण असे आहे : दोन भाग भुसभुशीत बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग जाडी वाळू किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे). माती चिकण असेल तर तिचा एक भाग कमी करून वाळू वाढवावी. मिश्रण बरोबर जमले आहे की नाही, हे ओली मूठ आवळून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा टिकावा, पण बोटाने टोचताच तो फुटावा.

रोप काढताना खोड धरून ओढू नये. आदल्या दिवशी पाणी द्यावे, कुंडी आडवी करून तिच्या बाजू थोपटाव्यात आणि मातीचा गोळा सबंध बाहेर येऊ द्यावा. मुळे गोलगोल फिरून जाळे झालेले असेल तर बाहेरची मुळे बोटांनी हलकेच सोडवावीत. त्यानंतर गोळा नव्या कुंडीत अशा उंचीवर ठेवावा की पूर्वी खोड जितके मातीबाहेर होते तितकेच आताही राहील. बुंधा मातीत खोल पुरणे ही सर्रास होणारी चूक आहे. भोवती मिश्रण भरून ते हलक्या हाताने दाबावे, काठाखाली ३ सेंटिमीटर जागा पाण्यासाठी सोडावी, आणि तळातून पाणी निथळेपर्यंत भरपूर पाणी द्यावे. पुढचे आठ-दहा दिवस झाड सावलीत ठेवावे आणि महिनाभर खत देऊ नये. एवढे मोठे रोपण दर दोन वर्षांनी पुरते. मधल्या वर्षी वरची ३-४ सेंटिमीटर माती काढून तिथे ताजे खतमिश्रण घातले तरी चालते.

उजेड

हे झाड सावलीतही चालते, असे सरसकट सांगितले जाते. ते अंधुक कोपऱ्यात तग धरते हे खरे आहे, पण तग धरणे आणि वाढणे यांत फार अंतर आहे. खिडकीपासून जसजसे आत जावे तसा उजेड आपल्या डोळ्यांना जाणवतो त्याहून फार झपाट्याने घटतो. झाड उजेडाच्या खिडकीपासून १ मीटरच्या आत असावे, सकाळचे कोवळे ऊन मिळाले तर उत्तमच, आणि भर दुपारचे काचेतून येणारे ऊन मात्र टाळावे. उजेड पुरेसा आहे का, हे झाड स्वतःच सांगते. नवी पेरे पूर्वीपेक्षा लांब पडत असतील, पाने लहान निघत असतील आणि खोड खिडकीकडे झुकत असेल, तर उजेड कमी पडतो आहे. काळपट प्रकाराची नवी पाने हिरवट येऊ लागणे ही त्याचीच खूण आहे.

सावलीत तयार झालेले पान उन्हासाठी घडलेले नसते. झाड एकदम उन्हात नेले की ती जुनी पाने भाजतात आणि भाजलेला डाग कधीही भरून येत नाही. म्हणून जागा बदलायची झाल्यास दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बदलावी. माझे एक चांगले वाढलेले झाड मी केवळ खोली सजवण्याच्या हौसेने खिडकीतून आतल्या भिंतीशी नेले आणि पंधरा दिवसांत त्याची खालची बरीचशी पाने गळाली. परत जागेवर ठेवल्यावर ते सावरले, पण उघडे पडलेले खोड तसेच राहिले. गळालेल्या पानाच्या जागी या झाडाला नवे पान येत नाही. तिथून फुटलीच तर फांदी फुटते, आणि तीही बहुधा छाटणी केल्यावरच.

पाणी

घरातली रबराची झाडे तहानेने मरण्यापेक्षा अतिपाण्याने मरतात. पाण्याचे वार ठरवू नयेत. बोट मातीत दोन पेरांपर्यंत घालावे. वरची ४-५ सेंटिमीटर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. लहान कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागली तर बोटाचीही गरज उरत नाही. पाणी द्यायचे तेव्हा मात्र कपभर ओतून थांबू नये. सगळी माती भिजून तळातून पाणी येईपर्यंत द्यावे आणि अर्ध्या तासाने बशीत साचलेले पाणी टाकून द्यावे. पावसात बेचकीतला पाचोळा भिजून निथळतो, तोच क्रम इथे घडतो. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा दोन पाण्यांमधले अंतर आपोआप वाढू द्यावे.

तापमान १८ ते ३० अंश सेल्सियस असताना झाड सुखात असते. ते १२ अंशांच्या खाली बराच काळ राहिले तर पाने गळू लागतात, आणि वातानुकूलन यंत्राचा थेट झोत वर्षाच्या कोणत्याही काळात वाईटच असतो.

खत आणि पानांची स्वच्छता

वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) खत लिटरमागे १ ग्रॅम या सौम्य प्रमाणात, ओल्या मातीतच द्यावे. मातीवर पांढरी खरवड दिसू लागली तर क्षार साठले आहेत असे समजून खत थांबवावे आणि कुंडीतून दोन-तीन वेळा भरपूर साधे पाणी वाहू द्यावे.

पाने दर पंधरा दिवसांनी ओल्या मऊ फडक्याने पुसावीत, एका हाताचा तळवा पानाखाली आधाराला धरून. पानांना तेल किंवा चकाकीचे फवारे लावू नयेत. ते खालच्या बाजूला लागले की रंध्रे बुजतात, आणि वरची चकाकी तर झाड स्वतःच बनवत असते. पुसण्याचे हे काम कंटाळवाणे मानू नये; कीड पहिल्यांदा दिसते ती याच वेळी.

छाटणी

न छाटलेले झाड एकाच काठीसारखे छताकडे जाते. फांद्या हव्या असतील तर शेंडा कापावा लागतो, कारण शेंड्यातली संप्रेरके खालचे डोळे दाबून ठेवतात. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला, हव्या त्या उंचीवरच्या एखाद्या पेराच्या किंचित वर, धारदार व स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावे. चीक ओघळू लागेल. त्यावर ओला कापूस दाबून धरला की तो काही मिनिटांत थांबतो. खाली कागद अंथरलेला असावा, कारण हा चीक वाळल्यावर फरशीवरून व कपड्यांवरून सहज निघत नाही. तीन ते सहा आठवड्यांत कापाच्या लगेच खालचे एक ते तीन डोळे तांबूस होऊन फुगतात आणि त्यांतून फांद्या निघतात. उजेड चांगला असेल तर फांद्या जास्त निघतात, म्हणून अंधाऱ्या जागेतले झाड छाटण्यापूर्वी आधी त्याची जागा सुधारावी.

गुटी कलम

या झाडाची अभिवृद्धी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे गुटी कलम. छाट कलमही लागते, पण शेंड्याचे मोठे पानदार छाट मुळे फुटेपर्यंत कोमेजण्याची भीती असते. नुसते पान पाण्यात ठेवले तर त्याला मुळे येतात, मात्र देठाशी डोळा नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे मुळे असलेले पानच राहते. रोप होत नाही. पाण्यातल्या पानाची मुळे पाहून आशेने वाट पाहणाऱ्यांना हे आधीच सांगितलेले बरे. गुटीत फांदी मूळ झाडावर असतानाच तिला मुळे फुटतात, त्यामुळे धोका जवळजवळ नसतो.

उबदार आणि दमट दिवस निवडावेत. शेंड्यापासून ३० ते ४० सेंटिमीटर खाली, निदान पेन्सिलीइतक्या जाडीच्या भागावरची एक-दोन पाने काढून १० सेंटिमीटर खोड मोकळे करावे. एका पेराच्या लगेच खाली धारदार चाकूने खोडाभोवती गोल काप घ्यावा, त्याखाली अडीच सेंटिमीटरवर दुसरा घ्यावा, आणि दोन्ही काप उभ्या रेषेने जोडावेत. चाकूचे टोक त्या रेषेत सरकवून साल उचलली की ती बांगडीसारखी सुटून येते आणि चीक भळाभळा वाहू लागतो. वीस मिनिटे थांबून तो ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. उघड्या पडलेल्या लाकडावर बोट फिरवले तर ते बुळबुळीत लागते. तो बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने लाकूड कोरडे लागेपर्यंत खरवडावा. हा थर राहिला तर त्यातून नवी साल तयार होऊन जखम जोडली जाते आणि मुळे फुटतच नाहीत. फसलेल्या बहुतेक गुट्यांचे कारण हेच असते.

सालीतून पानांनी बनवलेले अन्न खाली उतरते आणि लाकडातून पाणी वर चढते. साल काढल्याने पाणी वर जात राहते, पण खाली येणारे अन्न कापाच्या वरच्या कडेशी अडते आणि मुळे तिथूनच फुटतात. म्हणून मुळे फुटण्याची संप्रेरक पावडर वरच्या कडेला लावावी. मग स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ) अर्धा तास भिजवून, थेंब गळणार नाही इतके पिळून, मूठभर घेऊन कापाभोवती सर्व बाजूंनी बसवावे. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोके सुतळीने बांधावीत. वरचे टोक विशेष घट्ट असावे, म्हणजे आत पाणी शिरत नाही. बाहेरून गडद कापड बांधावे आणि आठवड्यातून एकदा ते सोडून पाहावे. मॉस फिकट व कोरडे दिसले तर वरून थोडे पाणी सोडून पुन्हा बांधावे.

चार ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळे दिसू लागतात. पहिले मूळ दिसताच घाई करू नये. मॉसमध्ये सर्व बाजूंनी मुळे भरली आणि त्यांना उपमुळे फुटली की गुटीच्या खाली कापावे, प्लॅस्टिक काढावे, मॉस मात्र तसेच ठेवून फांदी १५ सेंटिमीटरच्या कुंडीत लावावी. तीन आठवडे सावली आणि ओलसर हवा दिली की ती स्वतंत्र झाड होते. मूळ झाडाला कापाखाली फांद्या फुटतात, त्यामुळे उंच वाढून खाली उघडे पडलेले झाड दुरुस्त करण्याचाही हाच उपाय आहे.

आजार आणि कीड

खालची पाने एकामागून एक पिवळी पडत असतील आणि माती ओली असेल, तर झाड बाहेर काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ टणक असते. कुजलेले तपकिरी, लिबलिबीत व वास मारणारे असते. कुजलेला भाग पूर्ण कापून झाड ताज्या, कोरडसर मिश्रणात लहान कुंडीत लावावे. पानांच्या कडा कुरकुरीत होणे हे कोरडेपणाचे किंवा साठलेल्या क्षारांचे लक्षण आहे. वर्षाकाठी बुंध्याजवळचे एखादे पान पिवळे होऊन पडले, तर तो वयाचा भाग समजावा.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावी. कोरड्या हवेत लाल कोळी येतात. त्यांच्यासाठी झाडावर, विशेषतः पानांच्या खालून, पाण्याचा जोरदार फवारा मारावा. त्यानंतर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य द्रवसाबण मिसळून दर आठवड्याला, तीन वेळा, ऊन उतरल्यावर फवारावे.

जमिनीत लावताना

हे झाड कुंडीत कंटाळले म्हणून अंगणात लावण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे ते पुन्हा महावृक्ष होऊ लागते. त्याची मुळे फरशी उचलतात, भिंतींच्या भेगांत शिरतात आणि पाण्याच्या नळांचा माग काढतात. इमारत, कुंपण, विहीर आणि सांडपाण्याची टाकी यांपासून किमान १५ मीटर मोकळी जागा नसेल तर ते जमिनीत लावू नये. त्यापेक्षा दर तीन वर्षांनी बाहेरची चतुर्थांश मुळे कापून, शेंडाही त्या मानाने छाटून त्याच कुंडीत नव्या मातीत लावणे शहाणपणाचे.

जागा असेल तर ६० सेंटिमीटर लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा घेऊन, निघालेल्या मातीत एक तृतीयांश शेणखत मिसळून, पाऊस सुरू झाल्यावर झाड लावावे व पहिली दोन वर्षे काठीचा आधार द्यावा. काही वर्षांनी दमट हवेत फांद्यांवरून पारंब्या लोंबू लागतात. त्या नको असतील तर कोवळ्या असतानाच कापाव्यात. हव्या असतील तर पोकळ बांबू उभा चिरून, त्यात ओला पाचोळा भरून पारंबी त्यातून जमिनीपर्यंत न्यावी. जमिनीत शिरली की ती ताणली जाते, जाड होते आणि फांदीला खांबासारखा आधार देते. मेघालयातले खासी व जैंतिया लोक सुपारीची पोखरलेली खोडे ओढ्यावर आडवी टाकून याच झाडाची कोवळी मुळे त्यांतून पलीकडच्या काठावर नेतात, आणि ती तिथे रुजून जाड झाली की त्यांचा माणसांचे वजन पेलणारा जिवंत पूल तयार होतो.